"माझ्या कॉम्प्युटरवर तर चालतंय!" : कोड तपासायच्या आणि चालवायच्या साधनांचा छोटा इतिहास

गेल्या पंधरवड्यात एकच प्रश्न दोनदा आला. पीएच.डी.ची तयारी करणाऱ्या दोघांनी वेगवेगळ्या वेळी विचारलं, "ताई, पायटेस्ट शिकू की डॉकर? की ज्युपिटरवरच भागेल?" दोघांनाही मी उत्तर दिलं, पण ते अर्धवट होतं हे नंतर जाणवलं. ही तीन साधनं एकमेकांना पर्याय नाहीत. तिन्ही वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या त्रासातून जन्मली. कुठलं साधन कुठल्या त्रासावरचं औषध आहे हे कळलं की निवड सोपी होते. म्हणून आज थोडा इतिहास बघू.

आधी माझी फजिती सांगते. माझं काम विदर्भातल्या पावसाच्या आकडेवारीवर आहे. आमचा एक लेख जर्नलकडे गेला होता. सहा महिन्यांनी रिव्ह्यूअरचं उत्तर आलं: आकृती ४ मधली अक्षरं मोठी करा. काम पाच मिनिटांचं. मी नोटबुक उघडलं, पुन्हा चालवलं, आणि आलेख वेगळा आला! पावसाळी दिवसांची संख्या प्रत्येक वर्षात आधीपेक्षा जास्त. डेटा तोच, कोड तोच, कॉम्प्युटरही तोच. मग आधीचा आलेख खरा की आत्ताचा? मला सांगता येईना. सरांना काय सांगायचं या विचारानं त्या रात्री झोप लागली नाही. कारण सापडायला तीन आठवडे गेले. ते काय होतं, ते ओघात येईलच.

दोन वेगळे प्रश्न

कोडबद्दल आपण दोन प्रश्न विचारतो आणि बहुतेक वेळा त्यांची गल्लत करतो. पहिला: हा कोड बरोबर उत्तर देतो का? दुसरा: हाच कोड उद्या, दुसऱ्या कुणाच्या कॉम्प्युटरवर, तेच उत्तर देईल का? पहिला प्रश्न तपासण्याचा, दुसरा चालवण्याचा. चुकीचा कोड सगळीकडे सारखाच चुकू शकतो. बरोबर कोड दुसरीकडे अजिबात न चालणं हेही रोजचंच. पुढे येणारं प्रत्येक साधन यांपैकी कुठल्या प्रश्नाला हात घालतं, तेवढं लक्षात ठेवा.

१९७६ : एका वाया गेलेल्या सकाळीतून 'मेक'

बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन नावाचे संशोधक होते. एक दिवस त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन वैतागून त्यांच्या खोलीत आले. एका प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात त्यांची अख्खी सकाळ गेली होती. खरं तर चूक आधीच दुरुस्त झालेली होती, फक्त ती फाईल पुन्हा कंपाईल करायची राहिली होती, म्हणून जुनाच प्रोग्रॅम चालत होता. फेल्डमननाही हाच त्रास होत असे. त्यातून १९७६ मध्ये 'मेक' तयार झालं.

मेकची कल्पना अगदी साधी आहे. कुठली फाईल कुठल्या फाईलवर अवलंबून आहे हे लिहून ठेवायचं. मेक फाईलींच्या वेळा बघतं आणि जे जुनं झालंय तेवढंच पुन्हा करतं. कच्च्या डेटापासून साफ केलेला डेटा, त्यापासून मॉडेल, त्यापासून आलेख अशी साखळी असेल आणि तुम्ही फक्त आलेखाचा रंग बदलला, तर मॉडेल पुन्हा चालत नाही. मे महिन्यात नागपुरात भर दुपारी लाईट गेली आणि वीसपैकी तेराव्या रनवर कॉम्प्युटर बंद पडला, तर पहिले बारा पुन्हा करावे लागत नाहीत. हे सुख अनुभवल्याशिवाय कळत नाही.

मेकमध्ये आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू करावी लागते. तिथे स्पेस दिल्या तर ते अडतं, आणि नवशिक्यांना यात हमखास ठेच लागते. फेल्डमनना ही अडचण लवकरच कळली होती. पण तोवर मेक वापरणारे डझनभर लोक झाले होते आणि त्यांची गैरसोय नको म्हणून त्यांनी ते तसंच राहू दिलं. त्या डझनभरांसाठी केलेली तडजोड आपण आजही भोगतोय!

संशोधनात हे कसं आलं?

मेक बनलं प्रोग्रॅमरांसाठी. ते संशोधनाच्या कामाला जुंपलं स्टॅनफर्डचे भूभौतिकशास्त्रज्ञ जॉन क्लेरबाऊट यांनी, १९९० च्या सुमारास. विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडला की त्याचं काम पुढच्या विद्यार्थ्याला पुन्हा चालवता येत नाही, हे ते बघत होते. लांब कशाला, स्वतःचंच जुनं काम काही महिन्यांनी चालत नसे. मग त्यांच्या गटाने नियम केला: प्रबंधातली प्रत्येक आकृती ठरावीक आज्ञांनी पुन्हा तयार व्हायला हवी. एका आज्ञेने आकृत्या पुसायच्या, दुसरीने नव्याने मोजून काढायच्या. पुसायच्या आज्ञेचं नाव त्यांनी 'बर्न' ठेवलं होतं, म्हणजे जाळून टाका. स्वतःच्या आकृत्या जाळून टाकायची हिंमत असेल तरच त्या तुम्हाला पुन्हा काढता येतात, असा त्याचा अर्थ मी घेते.

१९९५ मध्ये स्टॅनफर्डचेच संख्याशास्त्रज्ञ बकहाईट आणि डोनोहो यांनी क्लेरबाऊट यांच्या विचाराचा सारांश मांडला. तो असा: छापलेला लेख ही विद्वत्तेची फक्त जाहिरात असते, खरी विद्वत्ता म्हणजे ज्यातून आकृत्या निघाल्या तो सगळा कोड आणि डेटा. त्यांनी वेव्हलॅब हा आपला कोडसंग्रह सगळ्यांना फुकट दिला. पण तो चालवायला मॅटलॅब लागत असे, आणि मॅटलॅबचं लायसन्स विकत घ्यावं लागतं. ज्याच्या कॉलेजात ते नाही त्याने पडताळणी करायची कशी? मुक्तस्रोत साधनांचं महत्त्व संशोधनात नेमकं इथे आहे. पैसे वाचतात हे खरंच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दुसऱ्याचा निष्कर्ष तपासायचा हक्क लायसन्सवर अडत नाही.

तपासण्याची साधनं : विमानात लिहिलेलं जेयुनिट ते पायटेस्ट

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. केंट बेक यांनी १९९४ च्या सुमारास स्मॉलटॉक भाषेसाठी चाचण्यांची एक छोटी चौकट लिहिली. पुढे १९९७ मध्ये ते आणि एरिक गामा झुरिकहून अटलांटाला एका परिषदेसाठी विमानाने चालले होते. त्या प्रवासात दोघांनी मिळून जावासाठी जेयुनिट लिहायला घेतलं. कल्पना छोटी होती: चाचणी म्हणजे कोडचाच एक तुकडा, आणि तो आपोआप चालून 'पास' किंवा 'नापास' सांगतो. पडद्यावरचे आकडे डोळ्यांनी बघून "ठीक वाटतंय" म्हणायची गरज उरली नाही.

तिथून हे वारं पायथॉनमध्ये आलं. स्टीव्ह पर्सेल यांचं पाययुनिट २००१ मध्ये पायथॉन २.१ सोबत 'युनिटटेस्ट' म्हणून मिळू लागलं. त्याच आवृत्तीत टिम पीटर्स यांचं 'डॉकटेस्ट'ही आलं. डॉकटेस्टमध्ये फंक्शनच्या माहितीत जे उदाहरण लिहाल तीच चाचणी होते. मग पायपाय या प्रकल्पात काम करणाऱ्या होल्गर क्रेकेल यांच्याकडून पायटेस्ट आलं. युनिटटेस्टमध्ये प्रत्येक चाचणीसाठी क्लास लिहा, ठरावीक नावाच्या मेथड वापरा, असा जावाचा वारसा आहे. पायटेस्टमध्ये साधं फंक्शन आणि 'असर्ट' पुरतं. चाचणी नापास झाली तर कुठला आकडा काय आला हेही ते मांडून दाखवतं. मध्यंतरी 'नोज' नावाचं साधन जोरात होतं, नमपायसुद्धा तेच वापरत असे. नोजची देखभाल थांबली आणि २०१८ च्या १.१५ आवृत्तीत नमपाय पायटेस्टवर गेलं. म्हणून साधन निवडताना ते आज कोण सांभाळतंय, हेही बघा.

इथे तुम्ही विचाराल, "संशोधनात उत्तरच माहीत नसतं, मग चाचणी कशाची लिहायची?" रास्त प्रश्न आहे. नागपूरच्या झिरो माईलला तुम्ही गेलाच असाल. तिथल्या खांबाला भारताचा मध्यबिंदू म्हणून सगळे ओळखतात. पण शेजारचा १९०७ सालचा जीटीएस दगड खरं तर उंची मोजण्याचा बेंचमार्क आहे. सर्व्हेअर ज्याची उंची आधीच पक्की ठाऊक आहे अशा बिंदूपासून निघतो आणि मोजत मोजत तशाच ठाऊक बिंदूवर येऊन थांबतो. मधल्या गावांची उंची त्याला माहीत नसते. पण शेवटचा आकडा ठरावीक मर्यादेत जुळला नाही, तर मधलं सगळं मोजमाप पुन्हा करावं लागतं.

कोडचंही तसंच करायचं. सगळीकडे सारखा पाऊस आहे असा खोटा डेटा द्या, सरासरी तेवढीच यायला हवी. तीन दिवसांचा डेटा हाताने मोजा आणि कोडशी ताडून बघा. एकूण पाऊस ग्रिड बदलल्यावरही जवळपास तेवढाच राहतो का ते पाहा. आणि 'ठरावीक मर्यादेत' हे शब्द विसरू नका. कॉम्प्युटरवर ०.१ आणि ०.२ ची बेरीज तंतोतंत ०.३ येत नाही, त्यामुळे दशांशांची तुलना सहनमर्यादा ठेवूनच करायची. पायटेस्टमध्ये त्यासाठी 'अप्रॉक्स' आहे.

चालवण्याची साधनं : ज्युपिटर आणि डॉकर

२००१ मध्ये फर्नांडो पेरेझ कोलोरॅडो विद्यापीठात भौतिकशास्त्राची पीएच.डी. करत होते. प्रबंध लिहायचा सोडून त्यांनी पायथॉन वापरायला सोपं व्हावं म्हणून आयपायथॉन लिहायला घेतलं. (हे वाचून प्रबंध टाळायला निमित्त मिळालं असेल, तर बाप्पा, त्यांनी पुढे पीएच.डी. पूर्णही केली हे लक्षात ठेवा!) २०११ मध्ये त्याचं ब्राउझरमधलं नोटबुक आलं आणि २०१४ मध्ये ज्युलिया, पायथॉन आणि आर या तीन भाषांच्या नावांवरून ज्युपिटर हा प्रकल्प उभा राहिला.

नोटबुकचं बळ आणि दोष एकाच जागी आहेत. सेल कुठल्याही क्रमाने चालवता येतात आणि सेल पुसला तरी त्यातली किंमत मेमरीत राहते. २०१९ मध्ये पिमेंटेल आणि सहकाऱ्यांनी गिटहबवरच्या सुमारे १४ लाख नोटबुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचा चालवण्याचा क्रम स्पष्ट होता ती त्यांनी पुन्हा चालवून पाहिली. त्यांतली २४ टक्के विनाचूक चालली, आणि आधीचीच उत्तरं देणारी निघाली जेमतेम ४ टक्के.

माझी आकृती ४ उरलेल्या ९६ टक्क्यांतली. भारतीय हवामान खात्याच्या व्याख्येनुसार २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तर तो 'पावसाळी दिवस'. हवामानबदलाच्या आंतरराष्ट्रीय निर्देशांकांत हीच मर्यादा १ मिलिमीटर असते. माझ्या नोटबुकात वर १ लिहिलेलं होतं. मधल्या एका सेलमध्ये मी ते २.५ केलं, आलेख काढला, आणि साफसफाई करताना तो सेल पुसून टाकला. लेखात २.५ लिहिलं होतं, छापायला पाठवलेला आलेखही २.५ चाच होता. पण जपून ठेवलेल्या कोडमध्ये १ होता. म्हणजे लेख बरोबर होता, पण ते सिद्ध करणारा कोड माझ्याजवळ नव्हता. सरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "म्हणजे बरोबर आलं ते नशिबानं." ते वाक्य अजून टोचतं.

डॉकरचा त्रास वेगळा होता. एका मशीनवर चालणारा प्रोग्रॅम दुसरीकडे चालत नाही, कारण तिथे लायब्ररीची आवृत्ती वेगळी असते किंवा एखादी फाईलच नसते. प्रोग्रॅमला त्याच्यापुरतं वेगळं जग दाखवायची युक्ती जुनी आहे. युनिक्समध्ये 'सीएचरूट' १९७९ पासूनचं. लिनक्समध्ये प्रोग्रॅमच्या गटांवर मर्यादा घालणारे सीग्रुप्स २००८ मध्ये आले. मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाईक्स यांनी सांता क्लाराच्या पायकॉन परिषदेत पाचेक मिनिटांत डॉकर दाखवलं. या जुन्या युक्त्या सामान्य प्रोग्रॅमरला वापरता येतील अशा रूपात त्याने बांधून दिल्या.

मात्र दोन गोष्टी माहीत असू द्या. डॉकर इंजिन मुक्तस्रोत आहे, पण विंडोज आणि मॅकवर सोयीचं पडणारं डॉकर डेस्कटॉप मोठ्या कंपन्यांना २०२१ पासून विकत घ्यावं लागतं. शिक्षणासाठी ते फुकट आहे. दुसरं, विद्यापीठांच्या सुपरकॉम्प्युटरवर डॉकर बहुतेक वेळा चालवू देत नाहीत, कारण त्यातून वापरणाऱ्याला जास्तीचे अधिकार मिळू शकतात. त्यासाठी लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत सिंग्युलॅरिटी तयार झालं, ज्याचं मुक्तस्रोत रूप आज अॅपटेनर नावाने ओळखलं जातं.

पवईतली दोन साधनं

हे सगळं परदेशातच घडलं असं समजू नका. आयआयटी मुंबईच्या एरोस्पेस विभागातले प्रा. प्रभू रामचंद्रन यांचं त्रिमितीय चित्रणाचं 'मायावी' जगभर वापरलं जातं. पण आपल्या विषयाची त्यांची दोन साधनं आहेत आणि त्यांची तुलना फार बोलकी आहे.

पहिलं 'यक्ष'. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पात, म्हणजे शिक्षणात मुक्तस्रोत सॉफ्टवेअर रुजवण्यासाठी केंद्र सरकारच्या निधीवर चालणाऱ्या प्रकल्पात, ते तयार झालं. नाव वाचून तळ्याकाठी युधिष्ठिराला प्रश्न विचारणारा यक्ष आठवतोच. इथे विद्यार्थी ब्राउझरमध्ये कोड लिहितो, सर्व्हर तो शिक्षकाने दिलेल्या चाचण्यांवर लगेच चालवतो आणि कुठे चुकलं ते सांगतो. पायथॉन, सी, सी++, जावा, सायलॅब या भाषा त्यात चालतात. २०१७ मध्ये सायपाय परिषदेत त्यावर लेख आला, तोवर देशभरातल्या आठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी ते वापरलं होतं. अनोळखी माणसाचा कोड आपल्या सर्व्हरवर चालवायचा, तो कधीच न थांबणारं लूपही लिहू शकतो, म्हणून वेळेची मर्यादा घालावी लागते.

दुसरं 'ऑटोमॅन', त्यावरचा लेख २०१८ चा. एका शोधनिबंधासाठी पन्नास सिम्युलेशन चालवायची, प्रत्येकाचे पॅरामीटर वेगळे, काही तासन् तास चालणारी, आणि शेवटी त्यांतून आलेख. हे सगळं पायथॉनच्या एका फाईलमध्ये लिहायचं आणि एका आज्ञेने निबंधातल्या सगळ्या आकृत्या काढायच्या. जे आधीच झालंय ते ऑटोमॅन पुन्हा करत नाही, आणि लॅबमधल्या नेटवर्कवरच्या कॉम्प्युटरांत काम वाटूनही देतं. क्लेरबाऊट यांचा नियम इथे पायथॉनमध्ये भेटतो.

दोन्ही साधनं कोड चालवतातच. पण यक्षला उत्तर आधी माहीत असतं आणि कोड अनोळखी असतो. ऑटोमॅनमध्ये कोड आपलाच असतो आणि उत्तर अनोळखी. पहिल्यात विश्वास कोडवर ठेवायचा नाही, दुसऱ्यात स्वतःच्या स्मरणशक्तीवर!

एक परीक्षा : हवाईतली स्क्रिप्ट

आता सगळी साधनं एका खऱ्या घटनेवर लावून बघू. २०१४ मध्ये नेचर प्रोटोकॉल्समध्ये रसायनशास्त्राची एक पद्धत प्रसिद्ध झाली, सोबत पायथॉनच्या स्क्रिप्टही होत्या. २०१९ मध्ये हवाई विद्यापीठाच्या गटाला दिसलं की तोच डेटा, तीच स्क्रिप्ट, पण वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर उत्तरं वेगळी. कारण एका ओळीत होतं. फोल्डरमधल्या फाईलींची यादी देणारं 'ग्लोब' त्या कुठल्या क्रमाने देईल याची हमी देत नाही, आणि स्क्रिप्टने क्रम गृहीत धरला होता. उपाय एवढाच, की यादी आधी क्रमाने लावून घ्यायची.

ही चूक कुणी पकडली असती? लेखकांच्याच मशीनवर पायटेस्ट चालवलं असतं तर चाचणी पास झाली असती. डॉकरमध्ये बांधलं असतं तर सगळीकडे एकच उत्तर आलं असतं आणि चूक दिसलीच नसती. मेक आणि ऑटोमॅनने तीच स्क्रिप्ट इमानेइतबारे पुन्हा चालवली असती. ती पकडली गेली असती ठाऊक उत्तराची चाचणी लिनक्स, विंडोज आणि मॅक तिन्हींवर आपोआप चालवली असती तर. जेन्किन्स किंवा गिटहब अॅक्शन्ससारखी साधनं हेच काम करतात. म्हणजे तपासणं आणि चालवणं, दोन्ही एकत्र आल्यावरच.

मग तुम्ही कुठून सुरुवात कराल?

मला आज कुणी विचारलं तर मी हा क्रम सांगेन. पहिल्या दिवसापासून कोड गिटमध्ये ठेवा. नोटबुक वापरा, पण रोज संध्याकाळी कर्नल रीस्टार्ट करून सगळे सेल वरपासून चालवा. हे एवढं केलं असतं तर माझे तीन आठवडे वाचले असते. दोन नोटबुकांत तेच फंक्शन कॉपी करायची वेळ आली की ते वेगळ्या फाईलमध्ये काढा आणि पायटेस्टच्या दोन-तीन चाचण्या लिहा. लायब्ररींच्या आवृत्त्या एका फाईलमध्ये नोंदवा. आकृत्या पाचाच्या वर गेल्या की मेक किंवा ऑटोमॅन घ्या. डॉकर शेवटी, कोड दुसऱ्या कुणाला द्यायची वेळ येईल तेव्हा.

आणि एक काम या रविवारी करून बघा. तुमच्या एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमधली एक आकृती निवडा, तिची फाईल दुसरीकडे हलवा आणि ती कोडवरून पुन्हा काढा. जुनी-नवी शेजारी ठेवून बघा. जुळली तर छानच. नाही जुळली तर निराश होऊ नका, पण त्या आकृतीवर पुढचं काम रचायच्या आधी कारण मात्र शोधा.

आमचा लेख दुरुस्त कोडसह परत गेला. आता आकृती ४ एका आज्ञेत तयार होते, आणि २.५ हा आकडा कोडमध्ये एकाच जागी आहे.